देवळालीचे मास्तर आणि मोकळा वेळ

इंग्रजी बोलीत ‘डुलाली’ असा एक शब्द आहे. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, अशा माणसाला तसं म्हणतात. हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला, नाशिकजवळच्या देवळालीहून. इंग्रजांनी १८६१ साली तिथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत त्या छावणीत राहायचे. बोटी थंडीच्या दिवसांतच सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला महिनोन्‌महिने ताटकळावं लागे. हाताला काम नाही, उद्याच्या दिवसात आजच्यापेक्षा वेगळं काही नाही. ऊन, दारू आणि कंटाळा. काहींची मनं त्यात खरोखरच बिघडली. त्या अवस्थेला शिपायांनीच नाव पाडलं, ‘डुलाली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप.

मोकळा वेळ माणसाचं काय करू शकतो, याची ही एक बाजू. दुसरी बाजू पाहायलाही देवळालीतच थांबावं लागतं.

१९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक मास्तर शाळेत शिकवत होते. शिकवायचं, वह्या तपासायच्या, घरी यायचं. उरलेला सगळा वेळ आकडे. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार. १९६२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यानंतरही हेच करत राहिले, थेट १९८६ पर्यंत. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत. आज जगभरच्या गणितप्रेमींना ‘कापरेकर’ हे नाव ठाऊक आहे. देवळालीचं नावही एका संख्याप्रकाराला लागलं आहे.

शिक्षकाची निवृत्ती ही घंटेवर चाललेल्या माणसाची निवृत्ती असते. तीस-बत्तीस वर्षं दिवसाचे तुकडे दुसऱ्या कुणीतरी पाडून दिलेले असतात. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, मधली सुट्टी, पुन्हा तास. जूनमध्ये नवी मुलं, एप्रिलमध्ये पेपर. मग एक दिवस शाल, श्रीफळ, गुच्छ, सहकाऱ्यांबरोबर फोटो आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘सर, आता आराम करा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी हात सवयीने पेन शोधतो. घंटा वाजत नाही. पुढे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन आपण आहोत हे कळवायचं, एवढंच सरकारदरबारी उरतं. या टप्प्यावर मन शांत कसं ठेवायचं, हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आहे. कापरेकरांचं आयुष्य त्या दृष्टीने नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यांच्या वाट्याला आलेलं म्हातारपण सुखवस्तू नव्हतं.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती वडिलांच्या मांडीला मांडी लावून. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, पुढच्याच वर्षी देवळालीत नोकरीला लागले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. त्यांच्याकडे कागद होता, पेन्सिल होती आणि एक सवय होती: समोर आलेल्या कोणत्याही संख्येशी खेळून बघायचं.

तो खेळ कसा होता हे सांगून कळत नाही, करून बघावा लागतो.

त्यांचंच जन्मसाल घेऊ, १९०५. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहायचे: ९५१०. मग उलटे, लहानाकडून मोठ्याकडे: ०१५९. मोठ्यातून लहान वजा करायचा. उत्तर ९३५१. आता या उत्तराचं तेच करायचं. ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. पुन्हा, ८७२१ वजा १२७८, म्हणजे ७४४३. पुन्हा, ७४४३ वजा ३४४७, म्हणजे ३९९६. पुन्हा, ९९६३ वजा ३६९९, म्हणजे ६२६४. पुन्हा, ६६४२ वजा २४६६, म्हणजे ४१७६. आणि सातव्यांदा, ७६४१ वजा १४६७. उत्तर ६१७४.

आठव्यांदा करून पाहिलं तर? अंक तेच आहेत, ७, ६, ४, १. पुन्हा ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. आकडा तिथेच बसतो.

कापरेकरांच्या लक्षात आलं ते असं, की चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेतली तरी ती शेवटी ६१७४ वरच येऊन थांबते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. १९०५ ला सातच्या सात पायऱ्या लागतात. ते निवृत्त झाले ते साल १९६२ घेतलं तर दोनच: ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे थेट ६१७४. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात त्यावरचं टिपण छापून आलं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

असं का होतं, तेही समजण्यापलीकडचं नाही. वजाबाकीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक ही एक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक ही दुसरी. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचं, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करायची. हे दोन फरक एकूण ५४ प्रकारेच जुळू शकतात. म्हणजे पुढे शून्य असलेल्याही धरल्या तर ज्या ९,९९० संख्या या खेळात उतरतात, त्या पहिल्याच पायरीवर गोळा होऊन ५४ उत्तरांत येतात. माणसं हजार गावांहून निघावीत आणि पहिल्याच टप्प्यावर पन्नास-साठ वाटांना लागावीत, मग वाटा एकमेकींत मिळत जाव्यात, अशातलं ते आहे. पंढरीच्या वाटेवर हे दरवर्षी दिसतं.

या खेळाला काय लागतं? लागत काहीच नाही. चौथी-पाचवीतलं पोर करू शकतं. प्रवासात करता येतो, दवाखान्याच्या बाकावर करता येतो. मध्येच कुणी हाक मारली तर सोडून उठता येतं आणि परत येऊन तिथूनच धरता येतो. मला वाटतं, कापरेकरांच्या शांतपणाचं पुष्कळसं रहस्य कामाच्या या घडणीत आहे. दुपारी ओसरीवर फुलवाती वळत बसलेली आजी आठवा. हात एका लयीत चाललेले असतात आणि मन निवलेलं असतं. कापरेकरांच्या वजाबाक्यांना ती लय होती. शिवाय पुढच्या वजाबाकीत काहीतरी नवं निघेल, ही आस होती. वाती वळताना एखादी वात आपोआप पेटली तर काय वाटेल, तसा आनंद त्यांना अधूनमधून मिळत असणार. आकड्यांपाशी बसलं की दारुड्याला दारूपासून उठवत नाही तसं आपलं होतं, अशी तुलना त्यांनी स्वतःच केली होती.

वाट पाहण्याचे क्षणही त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा डौलदार संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटलं. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, अशी ती माळ चालते. डेमलो हे रेल्वे स्टेशनचं नाव. जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं, आजचं डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून तिथलंच नाव. बोटीची वाट पाहत वेडे झालेले शिपाई आणि स्टेशनावर संख्यांची माळ सापडलेले मास्तर, दोघांकडे वेळ एकाच जातीचा होता.

निवृत्तीनंतरची त्यांची वर्षं कष्टाची गेली. हे सांगायलाच हवं, नाहीतर सगळी कथा गोड होऊन बसते. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. राहणी अगदी काटकसरीची असूनही पेन्शन पुरेना. साठी ओलांडलेल्या मास्तरांना पुन्हा गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. शिकवण्यांतून उरलेल्या वेळात पुन्हा आकडे. पुस्तिका काढायच्या त्याही स्वतःच छापून. चारचौघांसारखा एखादा माणूस इथे कडवट झाला असता. त्यातून गणितातली काही बडी मंडळी त्यांच्या कामाला किरकोळ समजत होती. हे कोडी घालणं आहे, याला गणित म्हणत नाहीत, असा सूर होता. कापरेकर मात्र सांगत राहिले, दाखवत राहिले, मोजत राहिले.

१९६३ मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांनी ‘स्वयंभू’ संख्यांवरची पुस्तिका काढली. कल्पना इतकी साधी आहे, की ती आधी कुणाला कशी सुचली नाही याचंच आश्चर्य वाटतं. एक संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. १७ घेतले तर एक आणि सात आठ, सतरा आणि आठ पंचवीस. म्हणजे २५ चा जनक १७. प्रत्येक संख्येला असा जनक असतो का? नसतो. २० घ्या, ३१ घ्या, ४२ घ्या, कुठल्याही संख्येत तिची अंकबेरीज मिळवून या संख्या येत नाहीत. त्या कुणाच्या पोटी जन्मलेल्या नाहीत. देवळातल्या स्वयंभू मूर्तीला जो शब्द लावतात तोच यांना शोभतो. इंग्रजीत त्यांना ‘सेल्फ नंबर्स’ म्हणतात, आणि ‘देवळाली नंबर्स’ हेही त्यांचंच नाव आहे. ज्या गावाच्या नावावरून वेडेपणाचा शब्द इंग्रजीत गेला, त्याच गावाचं नाव एका शाळामास्तरामुळे असं गणितातही गेलं.

या खेळात ५८ हा आकडा, महाराष्ट्रातल्या शाळामास्तरांच्या निवृत्तीच्या वयाचा, घेऊन पाहू. मागे मागे जाऊ. अठ्ठावन्नचा जनक ४७. सत्तेचाळीसचा ३७. मग ३२, मग २५, मग १७, मग १३, मग ११, मग १०. आणि दहाचा जनक ५. पाचला जनक नाही, तो स्वयंभू. पाच म्हणजे साधारण पोर शाळेत जायला लागतं ते वय. आता अठ्ठावन्नपासून पुढे चला: पाच आणि आठ तेरा मिळवले की ७१, मग ७९, मग ९५. हा योगायोगच आहे, त्यातून भविष्य काढायचं नाही. पण एखाद्या निवृत्त बाईंनी किंवा सरांनी चहा घेताना कागदावर ही साखळी मांडून पाहावी. पाचपासून निघून अठ्ठावन्नवर न थांबता पुढे जाणारी ती ओळ डोळ्यांना बरी वाटते.

संख्यांना नावं द्यायची कापरेकरांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे हर्ष देणारी. हार्डी आणि रामानुजन या दोन गणितींच्या गोष्टीतली सुप्रसिद्ध १७२९ ही हर्षद आहे: एक, सात, दोन, नऊ मिळून एकोणीस, आणि एकोणीस गुणिले एक्क्याण्णव म्हणजे १७२९. पुन्हा १९ उलटे केले की ९१. त्यांच्या स्वतःच्या नावाची आणखी एक जात आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे पुन्हा ७०३. यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २०२५ साल उजाडलं तेव्हा त्या पंचेचाळीसच्या गमतीचे निरोप मोबाइलवर सगळीकडे फिरत होते. पाठवणाऱ्या कितीजणांना देवळालीचे मास्तर ठाऊक असतील!

जगाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते फार उशिरा. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांचं गणिताच्या खेळांवरचं सदर होतं, जगभर वाचलं जाणारं. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्तीला तेरा वर्षं होऊन गेली होती. त्या तेरा वर्षांत कौतुकाच्या आशेवर काम केलं असतं, तर ते कधीच थांबलं असतं.

हार्डींचं नाव निघालंच आहे, तर त्यांची उतारवयातली कहाणीही सांगितली पाहिजे. जी. एच. हार्डी हे केंब्रिजचे नामवंत गणिती, रामानुजनना इंग्लंडला बोलावणारे. १९४० साली, साठी उलटल्यावर, त्यांनी ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. गणित हा तरुणांचा खेळ आहे, हे मत त्यात ठामपणे येतं. नवं सुचणं आटलं आहे, या जाणिवेचं दुःख त्या पुस्तकभर आहे. हार्डींचं म्हणणं त्यांच्या उंचीवरून पाहता खोटं नव्हतं. त्यांच्या प्रकारच्या गणितात बुद्धीचा जो वेग लागतो, तो वयाबरोबर ओसरतो. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग मानले होते. एक तरल बुद्धी, म्हणजे अगदी नवं कोडं झटकन उलगडणारी. ती तरुणपणी जोरात असते, पुढे मंदावते. दुसरी साठत जाणारी बुद्धी, शब्दांची, अनुभवाची, हाताला बसलेल्या कसबाची. ती साठीतही वाढताना दिसते. हार्डींनी जन्मभर पहिलीवर भिस्त ठेवली आणि ती ओसरल्यावर ते एकटे पडले, असं त्यांचं पुस्तक वाचताना वाटत राहतं. कापरेकरांचा कारभार दुसरीवर चालायचा. चाळीस वर्षं संख्यांच्या शेजारात राहिलेल्या माणसाला कुठली संख्या कशी वागते, हे ओळखीच्या माणसाच्या स्वभावासारखं कळायला लागतं. ती ओळख वयाने कमी होत नाही.

मराठी मुलखात अशी उदाहरणं शिक्षकांमध्येच पुष्कळ सापडतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

धोंडो केशव कर्वे हेही गणिताचेच मास्तर. १८९१ ते १९१४ ते फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोपला निघाले. संस्थेची माहिती सांगत, पैसे मिळवत देशोदेशी फिरले. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. १९४४ मध्ये समता संघ. शंभराव्या वर्षी, १९५८ ला, भारतरत्न. कर्वे गेले ते १९६२ साली, म्हणजे कापरेकर निवृत्त झाले त्याच वर्षी. कर्व्यांना शांतता माणसांत फिरून मिळत होती, कापरेकरांना कागदावर.

विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. १९७६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. त्यांना लिहायला सलग वेळ हवा होता. १९८१ मध्ये ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चं त्यांनी केलेलं अर्वाचीनीकरण आलं. २००३ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, ‘अष्टदर्शने’ आलं. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहॉअर, नीत्शे, बर्गसाँ आणि आपला चार्वाक असे आठ तत्त्वचिंतक त्यांनी मराठी कवितेत उतरवले. त्या वर्षीचं ज्ञानपीठ विंदांना मिळालं. अशा ग्रंथाची तयारी कुणी पंच्याऐंशीव्या वर्षी करत नाही. ते वाचन वर्गात शिकवत असल्यापासूनचं होतं.

आणि बेळगावच्या इंदिरा संत. शिक्षक घडवणाऱ्या प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी शिकवलं, प्राचार्यपद सांभाळलं. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलं. नोकरी, घर, मुलांची शिक्षणं यांच्या फटीफटीतून कविता येत राहिली. ‘गर्भरेशीम’ हा संग्रह १९८२ मध्ये आला. १९८४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूशास्त्र शिकवायचे. लंपन या मुलाच्या काही कथा त्यांनी तरुणपणी लिहिल्या, मग मोठा खंड पडला. ‘वनवास’ हे पहिलं पुस्तक १९९४ मध्ये आलं तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न. पाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं इतकं ताजं जग साठीच्या आसपासच्या माणसाने उभं केलं. बालपण एवढ्या लांबून पाहिल्यावरच असं नितळ दिसत असावं.

या सगळ्यांकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. निवृत्तीच्या दिवशी यातल्या कुणी नवा छंद शोधायला घेतला नाही. ज्याची कुणी मागणी केली नव्हती, ज्याचा पगार मिळत नव्हता, असं एक काम प्रत्येकाकडे नोकरीच्या काळापासूनच होतं. नोकरीने त्याला वेळ कमी दिला, पण मरू दिलं नाही. नोकरी सुटली तेव्हा ते काम दारात उभंच होतं. म्हणून निवृत्त होणाऱ्यांसाठी भरवल्या जाणाऱ्या मार्गदर्शन वर्गांत ‘आता एखादा छंद लावून घ्या’ असं सांगतात, तेव्हा ते वीस वर्षं उशिरा सांगितलं जातंय असं वाटतं. ते पस्तिशीतल्या शिक्षकाला सांगायला हवं, आणि त्यासाठी त्याच्या आठवड्यातली दोन संध्याकाळी तरी अहवाल, याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून सुटायला हव्यात.

पैशाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या शिक्षकांना जुन्या पद्धतीचं निवृत्तिवेतन मिळालं नाही, त्यांच्यासाठी अंशदानावरची योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, ते याच काळजीपोटी. ही पिढी हळूहळू निवृत्तीकडे सरकते आहे. म्हातारपणी मन शांत ठेवा असं सांगताना महिन्याचा किराणा कुठून येणार, याचं उत्तर समोर नसेल तर त्या सांगण्याला अर्थ नाही. कापरेकरांनी शिकवण्या घेत संख्या सांभाळल्या, हे त्यांचं थोरपण. पण तशी पाळी त्यांच्यावर यायला नको होती. त्या शिकवण्यांच्या तासांत आणखी काय सापडलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

त्यांच्या संख्यांचं काम मात्र थांबलेलं नाही. चार अंकांना ६१७४ हा मुक्काम आहे, तीन अंकांना ४९५. पाच अंकी संख्यांना तसा एकच मुक्काम मिळत नाही, त्या काही ठरावीक आकड्यांच्या फेऱ्यांत गोल फिरत राहतात. आता संगणक अशा लाखो संख्या क्षणात तपासतो. शाळांमध्ये गणिताच्या तासाला एखाद्या हौशी बाई फळ्यावर आपल्या जन्मसालाने सुरुवात करतात, मुलं आपापली सालं घेऊन वजाबाक्या करतात, आणि पाच-सात मिनिटांत वर्गाच्या कानाकोपऱ्यातून ‘बाई, माझं पण तेच आलं’ असा गलका होतो.

कापरेकर १९८६ साली गेले, एक्क्याऐंशीव्या वर्षी. तेही साल घेऊन पाहा. ९८६१ वजा १६८९, म्हणजे ८१७२. हा आकडा वर १९०५ च्या वजाबाक्यांत दुसऱ्या पायरीवर येऊन गेला आहे. इथून पुढे जन्मसालाची आणि मृत्युसालाची वाट एकच: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.